हात जाईल तिथे चिठ्ठी

प्रिय वहिनी,

संचालकांचा निरोप आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होते आणि फोन खिशात थरथरत होता. कानस म्हणाली, वाजू दे, बादलीतलं घट्ट व्हायला आठ मिनिटं आहेत, फोन काही घट्ट होत नाही. कानस म्हणजे तुझ्या जागेवर आलेली. हे नाव मिस्त्रींनी ठेवलं, कारण तासते तशीच बोलते. मी ओतत राहिलो. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. शेवटी मापताई दारात येऊन ओरडल्या, अहो साहेब, तुमचं लग्नबिग्न ठरलंय का, वरचे सगळे तुम्हाला शोधतायत. साचा भरून झाल्यावर हात धुतले. ते एका धुण्यात कधी निघत नाही हे तुला माहीत आहे. तसाच वर गेलो.

निरोप असा होता. उद्या सकाळी दहा वाजता कृत्रिम पाय करणाऱ्या इतर तीन कार्यशाळांचे प्रमुख आपल्याकडे येणार. त्यांच्याकडेही प्रत्येक खोलीत संगणकाचे पडदे बसवलेत, आपल्यासारखीच निरोपांची पाटी दिली आहे, आणि कोणी तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. आपल्याकडे सगळे पाहतात. हे कसं झालं ते मी अर्धा तास उभं राहून सांगायचं. कार्यक्रमाचा कागदही छापून झालाय. त्यावर 'या कार्यपद्धतीचे जनक' असं लिहून पुढे माझं नाव आहे. संचालकांनी कागद माझ्यापुढे धरला, मग माझ्या बोटांकडे पाहून मागे घेतला, डाग पडेल म्हणून.

त्या कागदावर तुझं नाव नाही. या संस्थेत तुझं नाव आता एकाच कागदावर उरलं आहे. त्याबद्दल मी खाली लिहीन. आत्ताच लिहिलं तर बाकीचं लिहून होणार नाही.

दुपारपासून उद्याचं भाषण लिहायला बसलोय आणि प्रत्येक ओळ तुझ्याकडे वळते. म्हणून कागद बदलला. पाहुण्यांना सांगायचं तसं आधी तुलाच सांगतो, पहिल्यापासून, तुला सगळं ठाऊक असलं तरी. फोनवर बोललो असतो. पण लेकीच्या बाळंतपणाला गेल्यापासून मांडीवर नात आणि खांद्याला दाबलेला फोन असा तुझा थाट असतो आणि तू फक्त 'बरं' आणि 'मग' म्हणतेस. बाळ रात्री झोपतं का? आमच्या बाळंतिणीला सांग, काका येणार आहे, पण बाळाला मान धरता आल्यावर. मला तेवढं लहान माणूस उचलायची भीती वाटते. दादा ठीक आहे. औषधाच्या डबीला तू बांधून गेलेली चिठ्ठी तो अजून पाळतो: पांढरी गोळी जेवणानंतर, आधी नाही, आधी म्हणजे आधी. काल मी विचारलं, घेतलीस का, तर म्हणाला, तुझ्या वहिनीने डबीला पहारेकरी बसवलाय, माझी काय बिशाद.

तू या घरात आलीस तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तू सकाळी सातला कार्यशाळेत जायचीस, मी दुपारी शाळेतून यायचो आणि घरात कोणी नसायचं. तुझ्या चिठ्ठ्या असायच्या. पण एका जागी कधीच नाही. दूध तापव, ही दुधाच्या झाकणावर. छत्री ने, ही डाव्या बुटात, पाय अडावा म्हणून. गणिताचं पुस्तक परत करायचं आहे, ही दप्तराच्या पट्ट्याला. एकदा दाराच्या कडीत गुंडाळलेली सापडली: किल्ली आत विसरू नकोस. मला राग यायचा. मी म्हणालो होतो, टेबलावर एक वही ठेव, सगळं तिच्यात लिही, मी रोज वाचत जाईन. तू म्हणालीस, भाऊजी, मग वही वाच म्हणून आणखी एक चिठ्ठी लिहावी लागेल.

वीस वर्षांनी मी तीच वही केली. तिला पडदा लावला, एवढाच फरक.

कार्यशाळेत मला तूच आणलंस. त्यांना संगणक कळणारा माणूस हवा होता आणि तू मिस्त्रींना म्हणालीस, माझा दीर आहे, हुशार आहे, थोडा घाईचा आहे. पहिल्या दिवशी फाटकापाशी तू मला सांगितलंस, घरी भाऊजी, इथे साहेब, आणि दोन्हींची भेळमिसळ करायची नाही. तू ती कधी केली नाहीस. मी केली. ती कुठे, तेही खाली.

पाहुण्यांना आधी पाय कसा होतो ते सांगावं लागेल. त्यांना माहीत आहे, पण त्यांच्या खोल्यांतल्या माणसांना एकमेकांचं काम माहीत नाही, हाच तर घोटाळा. मापाच्या खोलीत मापताई माणसाच्या कापलेल्या पायावर सुती मोजा चढवतात. तो ओला करून त्यावर जांभळ्या पेन्सिलने खुणा करतात, हाड कुठे टोचतं, दुखतं कुठे. वरून प्लास्टरची पट्टी गुंडाळतात. ती वाळली की टरफलासारखी निघते, आणि खुणा तिच्या आतल्या बाजूला उतरलेल्या असतात. ते टरफल तुझ्या खोलीत येतं. तू त्यात पातळ प्लास्टर ओततेस, ते घट्ट झालं की टरफल फोडतेस, आणि आत त्या माणसाचा पाय पांढरा उभा राहतो, खुणांसकट. मग कानस घेऊन जिथे भार पेलतो तिथे तासायचं आणि जिथे दुखतं तिथे थर चढवायचा, म्हणजे पायात तेवढी जागा सुटते. पुढे मिस्त्री त्या साच्यावर तापलेलं प्लास्टिक ओढतात. झाला पाय. म्हणजे ज्याचा पाय आहे त्याला फक्त मापताई बघतात. तू त्याला कधी बघितलेलं नसतं.

तरी तुला तो माहीत असायचा, कारण मापताई मोज्यावर हाडांच्या खुणांबरोबर शब्दही लिहायच्या. कोणी सांगितलं नव्हतं, किती वर्षांपासून चाललं होतं तेही कोणाला आठवत नाही. सायकल चालवतो. पोरीला कडेवर घेते. लाजते, दुखलं तरी सांगणार नाही. शिकवतो, दिवसभर उभा. हे सगळं प्लास्टरवर जांभळं उमटायचं, तुझा हात फिरायचा तिथेच. आणि तुझ्या कानशीखाली पुसलं जायचं. पुसलं गेलं म्हणजे काम झालं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला गलथानपणा वाटला. माणसाची माहिती आपण पिठासारखी जमिनीवर सांडतोय, असं मी संचालकांना म्हणालो होतो. उपमेवर ते खूष झाले होते.

पाटीची गरज नव्हती असं मी उद्या म्हणणार नाही. ती होती. मिस्त्रींच्या भट्टीपाशी कागद जळायचे. साचा तयार आहे हे कोणी कोणाला न सांगितल्यामुळे एक म्हातारे गृहस्थ चार वेळा हेलपाटे घालून गेले आणि चौथ्या वेळी त्यांनी कुबडी फरशीवर आपटली. मी पडदे लावले, प्रत्येक पायाला एक पान दिलं, आणि सगळ्यांना मिळून पडद्यावरच एक मोठी खोली दिली, जिच्यात कोणीही काहीही लिहावं. मिस्त्री म्हणाले, साहेबांनी सगळ्यांना पाटी दिली, आता बाराखडी गिरवा. तेव्हापासून पाटी. आणि मग मी तो हुकूम काढायला लावला. यापुढे मोज्यावर शब्द लिहायचे नाहीत. फक्त हाडांच्या खुणा. बाकी सर्व माहिती एकाच जागी, पाटीवर. पानात रकाने होते, वय, वजन, मापं, आणि व्यवसाय नावाचा रकाना, त्यात दहा पर्याय.

त्या संध्याकाळी तू माझ्या टेबलापुढे उभी राहून नुसते हात पुढे केलेस. कोपरापर्यंत पांढरे.  मी म्हणालो, बरोबर आहे, पडदा खराब होईल. आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर प्लास्टिकचं आवरण घातलं. तू म्हणालीस, साहेब, पडद्याला रेनकोट झाला, आता माझ्या हातांचं बघा. मापताई हसल्या, मिस्त्री हसले, मीही हसलो. तू काय सांगत होतीस ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. प्लास्टर कालवलं की तुझ्याकडे आठ मिनिटं असतात. पाटी वाचायची तर हात धुवायचे, पुसायचे, परत यायचं, तोवर बादलीत दगड. म्हणून तू दिवसातून दोनदा पाटी बघायचीस, जेवताना आणि घरी निघताना. मी वरून आकडे बघायचो. प्लास्टरची खोली कमी सहभागी, असं माझ्या तक्त्यात लाल अक्षरांत यायचं.

मग फरशीवाला आला. तिशीचा माणूस, मोटारसायकलच्या अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेला. फरशा बसवायचा. मापताईंनी व्यवसायाच्या रकान्यात बघितलं, फरशी नव्हती, बांधकाम होतं. ते निवडलं. पण त्यांना चैन पडेना, मोज्यावर लिहायला तर मनाई. म्हणून त्यांनी मोठ्या खोलीत लिहिलं: हा दिवसभर गुडघ्यांवर बसतो, पुढे जागा ठेवा. अकरा वाजून वीस मिनिटं. त्या दिवशी मोठ्या खोलीत त्रेचाळीस निरोप होते. मिस्त्रींना नातू झाला होता. एकतीस अभिनंदनं, पाच फुलांची चित्रं, टाकी धुणार आहेत पाणी भरून ठेवा, माझी कात्री कोणी नेली, नेली त्याने ठेवावी. तू साचा तासलास बारा वाजून पाच मिनिटांनी. पाटी पाहिलीस संध्याकाळी पाच चाळीसला, आणि तोवर मिस्त्रींनी त्यावर प्लास्टिक ओढलं होतं. तू धावत भट्टीपाशी गेलीस. मिस्त्री म्हणाले, मापं बरोबर आहेत ना, मग चालेल. पाटीवर काही शंका दिसत नाही. तू मोठ्या खोलीत विचारलंस, हा पाय परत घ्यायचा का? त्यावर कोणीतरी अंगठा टाकला आणि कोणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाय जोडला गेला. चालायच्या सरावाच्या दोन गजांमध्ये तो छान चालला. चालण्यासाठी तो पाय उत्तम होता.

अकरा दिवसांनी त्याला तापात आणलं. नडगीच्या टोकाला जखम झाली होती आणि त्याने ती चार दिवस लपवली, कारण काम नुकतं परत मिळालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा राहील की जाईल, आज सांगता येत नाही. तू एक दिवसाआड रुग्णालयात जायचीस. मी एकदा आलो आणि वऱ्हांड्यातून परत गेलो.

आता तो कागद. संचालकांनी अहवाल मागितला आणि तो मी काढून दिला. पाटीतून एका कळीवर निघतो, मीच तशी सोय केली होती. निरोप दिला, अकरा वीस. साचा तासला, बारा पाच. प्लास्टर विभागाने निरोप पाहिला, पाच चाळीस. खाली निष्कर्षाची ओळ, ती मात्र यंत्राने लिहिली नाही: प्लास्टर विभागाकडून सूचनेकडे वेळेत लक्ष दिले गेले नाही. पुढे तुझं नाव. ती ओळ संचालकांनी सांगितली आणि मी टाइप केली. त्याआधी त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, पद्धतीत काही दोष आहे का? मी म्हणालो, पद्धत ठीक आहे. मोज्यावरचे शब्द मी बंद केले होते हे मला त्या क्षणी आठवत होतं. नीट आठवत होतं. पण पद्धत मी केली होती आणि लोक मला नुकतेच 'साहेब' म्हणू लागले होते. घरच्या माणसाला कामाच्या जागी पुढे करून मी मागे लपलो. तू घातलेली अट मी मोडली ती इथे.

तुला भांडारात बदली देऊ केली. तू म्हणालीस, मनगट दुखतं, तेवीस वर्षं झाली, आता घरी बसते. कोणी फार आग्रह केला नाही. त्या दिवशी मी घरी आलो तर तू ताट वाढलंस आणि विचारलंस, हात धुतलेस का. रोजच्यासारखं.

फरशीवाल्याचा गुडघा वाचला. तीन आठवडे लागले. ती बातमी घेऊन तू आलीस, चपला काढल्या नव्हत्यास, दारातूनच सांगितलंस, आणि मग माझ्याकडे बघून म्हणालीस, आता त्या पाटीचं काय करायचं? मी म्हणालो, बंद करतो. तू म्हणालीस, बंद करायला कशाला केलीस? आधी आठ दिवस माझ्या बादलीपाशी उभा राहा, मग कळेल काय बंद करायचं.

तुझी जागा तेव्हा रिकामी होती. संचालकांना वाटलं मी हौसेने करतोय. पहिल्या दिवशी माझ्या नाकाला खाज सुटली आणि मी आठ मिनिटं रडकुंडीला आलो. माझ्याच पाटीने दर थोड्या वेळाने टिंग केलं आणि मला तिच्यापर्यंत जाता येईना. दोन साचे बादलीतच मेले. संध्याकाळी घरी आलो की तू दाण्यातले खडे निवडत बसलेली असायचीस आणि विचारायचीस, आज किती निरोप आले? मी म्हणायचो, अडतीस. त्यातले पायाचे किती? दोन. ते दोन तुला कधी कळले? उशीर झाल्यावर. मग तू हातातला खडा बशीत टाकायचीस. एका संध्याकाळी म्हणालीस, तू सगळं एका जागी ठेवलंस, भाऊजी, पण त्या जागी कोणाचा हातच जात नाही. मी लहानपणचा तो वहीचा वाद विसरून गेलो होतो. तुला आठवत होता, पण तू तो काढला नाहीस.

त्यानंतरचे रविवार मला पाठ आहेत. अभिनंदनं आणि कात्र्या वेगळ्या खोलीत गेल्या. मी ती खोलीच काढून टाकणार होतो. तू म्हणालीस, खबरदार, माणसं हसली नाहीत तर कामाचंही बोलणार नाहीत, फक्त हसायची जागा वेगळी ठेव. पायाबद्दलचं काहीही त्या पायाच्याच पानावर, दुसरीकडे लिहिलं तर मापताई चारचौघांत खरडपट्टी काढतात, साहेब असो की शिपाई. परवा संचालकांचीच काढली. व्यवसायाचा रकाना गेला. आता पानावर सगळ्यात वर, मापांच्याही आधी, एक मोकळी ओळ आहे, हा माणूस दिवसभर काय करतो, आणि तिथे अख्खं वाक्य लिहावं लागतं. मोज्यावर शब्द परत आले. साचा टरफलातून निघाला की कानस त्याचा फोटो घेते, शब्दांसकट, आणि तो पानावर जातो, म्हणजे शब्द कानशीखाली पुसले गेले तरी मागे राहतात. फोटो घ्यायला आणि पान उलटायला पायाने दाबायची पट्टी आहे. ती मिस्त्रींनी केली. वर एक नापास झालेला रबरी तळवा ठोकलाय. म्हणतात, पाय देणारी संस्था आहे, पायानेच चालू दे.

आणि दारातलं वाक्य. प्लास्टर कालवायच्या आधी मापताई तुझ्या खोलीच्या दारात येतात आणि माणूस कोण आहे ते एका वाक्यात सांगतात. सुतार आहे, चढतो उतरतो. मगच पाण्यात पावडर पडते. मी म्हणालो होतो, हे झालं की पाटीवर खूण करायला एक चौकोन देतो. तू मान हलवलीस. प्रत्येक गोष्टीला चौकोन काढू नकोस, काही गोष्टी दारात उभं राहून सांगायच्या असतात. मी चौकोन काढला नाही. पाहुण्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड जाईल, कारण ते पाटी बघायला येतायत आणि मला त्यांना आधी एक दार दाखवायचं आहे.

लाल अक्षरांचा तक्ताही तूच बंद करवलास. निरोप किती गेले ते मोजत होतास, म्हणालीस, पाय किती परत आले ते मोज. शंभरातले चौदा यायचे. गेल्या वर्षी तीन. फरशीवाल्याचा नवा पाय मी साच्यापासून स्वतः केला, कानस शेजारी उभी राहून मला बोलत होती. तो आता दिवसभर गुडघ्यांवर असतो. गेल्या महिन्यात त्याने आपल्या पोर्चमधल्या उखडलेल्या चार फरशा बसवून दिल्या, कोणी सांगितलं नव्हतं, आणि जाताना मला म्हणाला, तुमच्या वहिनींना सांगा, नव्या पायाची टाच वाजत नाही आता. रुग्णालयात तू त्याला काय काय सांगत बसायचीस कोण जाणे. त्याला तुझ्याबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

हे सगळं सांगून भाषण संपवता आलं असतं. माझ्या घरातल्या एका अनुभवी व्यक्तीने मला मार्गदर्शन केलं, असं शेवटी म्हणायचं, टाळ्या घ्यायच्या. गेल्या गुरुवारपर्यंत मी तसंच केलं असतं, कारण गेल्या गुरुवारपर्यंत मला वाटत होतं की 'पद्धत ठीक आहे' हे माझं वाक्य चार भिंती आणि संचालक यांनाच ठाऊक आहे. गुरुवारी चहा पिताना मिस्त्री म्हणाले, साहेबा, तुझी वहिनी त्या दिवशी दाराबाहेरच उभी होती रे, आत बोलावलं म्हणून आली होती, ऐकून परत फिरली. मी कपबशी खाली ठेवली. ते म्हणाले, मी तेव्हाच तुझ्या कानाखाली काढणार होतो, तिने अडवलं. म्हणाली, पोरगा घाबरलाय, घाबरलेल्या माणसाला आत्ता काही बोलू नका, त्याला अजून ते काम नीट करायचं आहे. दीड वर्ष मी तोंड शिवून बसलोय, आता राहवत नाही. वहिनी, म्हणजे तू ते ऐकलंस, घरी आलीस, आणि मला हात धुतलेस का विचारलंस. सगळे रविवार तुला ते माहीत होतं. खडे निवडताना माहीत होतं. माझी पद्धत तू दुरुस्त करत बसलीस, जिच्यासाठी मी तुझा बळी दिला होता. आपल्या घरात आभार मानायची रीत नाही, मानले तर तू म्हणशील, ताप आलाय का. तरी मानतो. मला लाज वाटते त्यापेक्षा जास्त मी तुझा ऋणी आहे, आणि हे पत्र फक्त तेवढ्यासाठीही नाही. उद्या दहा वाजता पाहुण्यांसमोर, संचालकांसमोर, मी पहिल्यांदा तो अहवाल वाचणार आहे. ती खालची ओळ खोटी आहे, शब्द मी बंद केले होते आणि विचारल्यावर मी खोटं बोललो, हे सांगणार आहे. ओळ बदलून द्या असा अर्ज लिहून खिशात ठेवलाय. तुला आधी विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. तुझं ऐकायची सवय मला आता लागली आहे, म्हणून विचारायची भीती वाटली. बाळाला माझा पापा दे. मनगटाला शेक घेत जा, दुखत नसलं तरी.

तुझाच,
घाईचा दीर

दुसऱ्या दिवशी, दुपार. पत्र पेटीत टाकायचं राहिलं होतं, म्हणून खाली लिहितो. सकाळी दहाला सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. संचालक पाणी प्याले आणि पुढचं सांगा म्हणाले, मग मी सगळ्यांना खाली नेलं आणि मापताईंना दारात उभं केलं. पाहुण्यांपैकी एका बाईंनी तुझा पत्ता मागितला. तुला विचारून देतो म्हणालो. साडेबाराला अहवालातली ओळ खोडून नवीन लिहिली आणि संचालकांनी सही केली. प्रत सोबत आहे. माझ्याबद्दल सोमवारी ठरेल.